रकाना चौदा

मुदतबाईंच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं, तर तेच ओशाळून दोन मिनिटं पुढे धावायचं, असं त्यांच्या कचेरीत सांगत. सांगणारे थोडं वाढवून सांगत असतील, पण थोडंच. बाईंचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. विधी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या अरुंद खोलीत बसून त्या एकोणीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. नुकतीच सनद मिळालेले बारा तरुण वकील दरवर्षी निवडायचे आणि वर्षभरासाठी बारा संस्थांकडे धाडायचे. ज्यांना वकील करणं झेपत नाही, अशांचे खटले या संस्था फुकट लढवत. योजनेला फेलोशिप म्हणत, पोरांना फेलो म्हणत आणि संस्थांना यजमान.

"लेक सासरी धाडावी तशी धाडते मी यांना," बाई म्हणायच्या. "फरक एवढाच, की इथे सासरचे दर महिन्याला मला लेखी कळवतात."

कळवायचं ते नमुना सातवर. दोन पानी, चौदा रकान्यांचा कागद. यजमान संस्थेतल्या मार्गदर्शक वकिलाने आठवड्यातून एक तास फेलोसोबत बसायचं, काय शिकवलं ते लिहायचं, खाली दोघांनी सह्या करायच्या आणि महिन्याच्या पाच तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत, कागद बाईंच्या खिडकीत पोचवायचा. मग त्यावर शिक्का पडायचा: ‘मिळाला. वेळेत.’ पाच वाजले की खिडकीची फळी खाली. एकदा एक फेलो पाच वाजून दोन मिनिटांनी धापा टाकत आला. त्याच दुपारी बायको बाळंत झाली होती म्हणे.

"अभिनंदन," फळीआडून आवाज आला. "बाळ वेळेवर आलं ना? मग बापाला काय धाड भरली होती?"

बारा यजमानांत एक घरचा होता, आणि तोच सगळ्यांत नाठाळ. बसथांब्यासमोर, चष्म्यांच्या दुकानाच्या डोक्यावर, दोन खोल्यांत चालणारं मोफत सल्ला केंद्र. तिथले मार्गदर्शक वकील म्हणजे बाईंचे सख्खे थोरले भाऊ. कोर्टात दादा उलटतपासणीला उभे राहिले की खोटा साक्षीदार पाणी मागायचा, आणि खरा साक्षीदारही आपलं नाव एकदा मनाशी पडताळून घ्यायचा. पण कागदांशी त्यांचं जन्माचं वाकडं. त्यांचा नमुना सात कधी बारा तारखेला यायचा, कधी वीसला. एकदा तर गेल्या वर्षीचा या वर्षी आला, वर चहाच्या कपाचा गोल डाग घेऊन. बाई भावालाही सोडत नसत. तांबड्या शाईने ‘विलंब’ लिहून कागद परत पाठवत. मग दादांचा फोन यायचा.

"ठकू, लहानपणी तुला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचो मी. त्याचे पांग असे फेडतेस?"

"शाळा साडेदहाची होती, दादा. तू अकराला पोचवायचास."

यंदा मात्र चमत्कार झाला. दादांकडे जी फेलो धाडली होती, ती काटकुळी, कमी बोलणारी, पण एकदा टोचली की कागदाचे चार तुकडे एकत्र धरून ठेवणारी. तिला सगळे टाचणी म्हणत. टाचणी रुजू झाली, आणि चौथ्या महिन्यापासून दादांचा नमुना सात वेळेवर येऊ लागला. पाच तारखेला नव्हे, चार तारखेलाच. स्वच्छ, न चुरगळलेला, सगळे रकाने भरलेले. बाईंना आकाश ठेंगणं झालं. फेलोशिपच्या समितीच्या बैठकीत त्यांनी तो कागद हातात धरून फडकवला. "एकोणीस वर्षं लागली, पण मी माझ्या भावाला सुधारलं!" समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, हसले आणि म्हणाले, या वर्षीचा उत्तम मार्गदर्शकाचा मान त्यांनाच द्या.

दहाव्या महिन्यात तो मान चौकटीत बसवून तयार झाला. एरवी बाई यजमानांकडे जायच्या तर आठ दिवस आधी पत्र पाठवून. यजमान टेबलं पुसून ठेवत आणि फेलोंना केस विंचरायला सांगत. या वेळी त्यांनी कळवलं नाही. भावाचं तोंड बघायचं होतं. चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून त्या गुरुवारी सकाळी अकराला चष्म्यांच्या दुकानाशेजारचा जिना चढल्या.

दादा खुर्चीत होते. इस्त्रीचा सदरा, नीट भांग. बाईंना पाहून अर्धवट उठले. "या, या. बसा. काय प्रकरण आहे तुमचं?"

बाईंनी हसू दाबलं. थट्टेला थट्टा. "भावानं छळलंय हो. लहानपणापासून."

दादांनी पॅड ओढलं. "भाऊ थोरला की धाकटा?"

"थोरला. डोक्यावर बसलाय नुसता."

"एकत्र राहता?" त्यांनी लिहून घेतलं. "त्याचं नाव सांगा."

बाई हसत हसत थांबल्या. दादा थट्टा करत तेव्हा त्यांची उजवी भुवई वर जायची. बाप मेला त्या वर्षीही ती सवय सुटली नव्हती. आज भुवई जागच्या जागी होती. पेन कागदावर टेकवून ते नावाची वाट बघत होते.

बाईंनी खोलीकडे पाहिलं. कपाटाच्या दाराला चिठ्ठी: ‘चालू प्रकरणं’. ड्रॉवरला चिठ्ठी: ‘पेनं, चष्मा’. शेजारच्या दाराला चिठ्ठी: ‘हे बाथरूम’. टेबलावरच्या काचेखाली, बारीक सरळ अक्षरांत: ‘सर, आज गुरुवार. आज कोर्ट नाही. काही सही करायची असेल तर मी येईपर्यंत थांबा.’

बाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. गल्लीच्या तोंडाशी तिचा कपडे इस्त्री करायचा धंदा होता. केंद्रात तिला इस्त्रीवाल्या काकू म्हणत. तिने खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही मोठ्या वकीलबाई का? बघा ना हे. आठ दिवसांत खोली खाली करा म्हणतायत. आणि वकीलसाहेब म्हणाले होते, अपील घातलंय, काळजी नको."

तेवढ्यात टाचणी जिना चढून आली. बाईंना पाहून ती दारातच थबकली. हातातल्या कागदांची घडी तिने छातीशी धरली, चोरी सापडल्यासारखी. पण चोरी तिची नव्हती, हे बाईंना तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आतल्या खोलीत, दार लोटून, टाचणीने सांगितलं. काकूंची खोली मालकाला पाडायची होती. खालच्या कोर्टाने मालकाच्या बाजूने हुकूम दिला. अपिलाला तीस दिवस. अपील टाचणीने लिहिलं, पण त्या दिवशी दादा म्हणाले, मी स्वतः जाऊन दाखल करतो. गेलेही. परत येऊन त्यांनी अपिलाचा नंबर सांगितला, तिने तो नोंदवहीत चढवला. काल काकूंना नोटीस आली म्हणून ती कोर्टात गेली, तर तो नंबर खरा होता. फक्त दादांच्याच वीस वर्षांपूर्वीच्या एका खटल्याचा होता. अपील आज सकाळी सापडलं. जिन्याखाली टांगलेल्या दादांच्या छत्रीत, गुंडाळलेलं.

"मुदत संपून किती दिवस झाले?" बाईंच्या तोंडून सवयीने पहिला प्रश्न तोच आला.

"बावीस."

"आणि तुला ठाऊक होतं दादांचं हे? कधीपासून?"

"तिसऱ्या महिन्यापासून. म्हणजे आधी कधीतरी एकदा, मग रोज. पण मधेच सर लख्ख असतात, मॅडम. त्या दिवशी तर जिना उतरताना त्यांनी मला तीन निकाल तोंडपाठ सांगितले. मला वाटलं, आज सर बरे आहेत."

"मग ते नमुने? वेळेवर येणारे?"

"मीच भरायची. सर सही करायचे. तुम्हाला उशीर चालत नाही ना."

बाईंचा पारा चढला. चढायला कुठेतरी जागा हवीच होती. "अगं, मला येऊन सांगता येत नव्हतं? तोंडाला काय कुलूप होतं? माझा सख्खा भाऊ आहे तो!"

टाचणीने मान खाली घातली नाही. "आले होते मी, मॅडम. सहाव्या महिन्यात. कोर्टातून निघायला उशीर झाला, पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. फळी पडली होती. मी बाहेरून म्हटलं, थोडं बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, लेखी दे."

"मग?"

"मग लेखी दिलं."

बाई परत कचेरीत आल्या तेव्हा चौकट अजून काखेत होती. ती कुठे ठेवावी हे न सुचून त्यांनी ती उलटी करून कपाटावर टाकली. सहाव्या महिन्याची फाईल काढली. दादांच्या केंद्राचा नमुना सात सगळ्यांत वर होता, कारण तो सगळ्यांत आधी आला होता. पहिले तेरा रकाने: तास, विषय, खटले. चौदावा रकाना दुसऱ्या पानाच्या तळाशी, ‘काही अडचण असल्यास’. एकोणीस वर्षं शिक्का मारायला तीच जागा सोयीची होती. बहुतेक वेळा ती रिकामीच असायची, निदान बाईंची तशी समजूत होती. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. निळ्या शिक्क्याखालून बारीक सरळ अक्षरं हळूहळू वर आली.

‘सर फार विसरू लागले आहेत. घरी एकटेच असतात. मला भीती वाटते. कुणाशी तरी बोलता येईल का?’

आणि त्यावर आडवं, ठसठशीत, त्यांच्याच हाताचं: मिळाला. वेळेत.

जो माणूस जन्मात वेळेवर आला नाही, तो अचानक वेळेवर येऊ लागला, तेव्हा सगळ्या जगात एका माणसाला शंका यायला हवी होती. त्या माणसाने बैठकीत कागद फडकवला होता.

अध्यक्षांना फोन करणं भाग होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. न्यायाधीश राहिलेली माणसं शांतपणे ऐकतात, पण निकाल त्यांचा आधीच तयार असतो.

"विलंब माफीचा अर्ज करा," ते म्हणाले. "उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र लागेल. त्या मुलीला लिहू दे, की तिच्या हातून राहून गेलं. नवी आहे, कोर्ट समजून घेतं. चार शब्द ऐकावे लागतील, बस."

"पण तिच्या हातून नाही राहिलं."

"बाई, दोन महिन्यांत तिचं वर्ष संपतंय. योजना राहायचीय. तुमच्या भावाचं चाळीस वर्षांचं नाव आहे. आणि तुमचंही आहे, नाही का?"

टाचणीचंही तेच म्हणणं होतं, हे आणखी कठीण. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं: ‘माझ्या नजरचुकीने...’ म्हणाली, "सरांचं नाव नको यायला. मला काय, मी दुसरीकडे कुठेतरी लागेन."

"कुठे लागशील? नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल. अपिलाची मुदत चुकवणारी वकील! ते गोंदण पुसलं जात नाही, बाळ."

बाळ हा शब्द कसा आला, ते दोघींनाही कळलं नाही. बाईंनी तिच्या हातातला कागद घेतला, मधोमध फाडला आणि कोरा कागद ओढून स्वतः लिहायला बसल्या. तास गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सबबी वाचलेल्या बाईला स्वतःची एक सरळ ओळ जुळेना. शेवटी जमलं तसं घेऊन त्या चष्म्यांच्या दुकानावर गेल्या. नाव जाहीर होणार ते दादांचं. त्यांना न सांगता करणं म्हणजे त्यांना आधीच मेलेलं धरणं.

दादांचा तो दिवस बरा होता. "ठकू! आज वाट कशी वाकडी केलीस?" म्हणून त्यांनी स्वागत केलं, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने लपवलं. कागद पुढे सरकवला. दादांनी तो उचलला, आणि चाळीस वर्षांची खोड, दुसरा हात लाल पेन शोधू लागला. चिठ्ठी वाचून ड्रॉवर उघडला. पेन मिळालं.

"‘काही अपरिहार्य कारणास्तव’," त्यांनी मोठ्याने वाचलं आणि काट मारली. "हे कोण लिहितं? समोरचा वकील याच ओळीवर नाचेल. कोणतं कारण, ते सरळ लिहा. वकिलाची स्मृती जाऊ लागली होती. कोणत्या महिन्यापासून, तो महिना टाका. डॉक्टरांना दाखवलंय का? नाही? मग आज दाखवा आणि तसं लिहा. ‘आदरणीय’, ‘ज्येष्ठ’, ही विशेषणं कशाला? सत्कार आहे का हा?" पेन सपासप चाललं होतं. टाचणी दाराशी उभी राहून बघत होती. नमुना सातवर तिने महिनोन्महिने लिहिलेला तो खोटा तास, आज खरा भरला होता.

दादांनी शेवटची ओळ वाचली, कागद खाली ठेवला आणि जीभ टाळ्याला लावून चुक्‌ केलं. "बिचारा. कोण गं हा वकील?"

‘आहे एक ओळखीचा’ एवढं म्हटलं असतं तर सुटका होती. बाईंनी टाचणीकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको म्हणून.

"तू, दादा."

दादांनी कागदाकडे पाहिलं. मग काचेखालच्या चिठ्ठीकडे. मग दारावरच्या ‘हे बाथरूम’कडे.

"अपील कुणाचं?"

"इस्त्रीवाल्या काकूंचं. खोलीचं."

"खोली जाईल तिची?"

"हे नाही दिलं तर जाईल."

"मग रडतेस काय? सही कुठे करू ते दाखव." सही करून झाल्यावर त्यांनी कागद पुन्हा उलटा धरून पाहिला. "एक राहिलं. कोर्ट विचारेल, केंद्रावर लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं का? त्याचं उत्तर यात नाही."

"ते माझं आहे," बाई म्हणाल्या. "वेगळं प्रतिज्ञापत्र. सहाव्या महिन्याच्या नमुन्यासकट."

सोमवारी कोर्टात, अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या कारकुनाने त्यांना ओळखलं. कधीकाळी तोही त्यांचा फेलो होता; बाळंतपणाच्या दिवशी फळीबाहेर उभा राहिलेला. त्याने अर्जाचं शीर्षक वाचलं, मग बाईंकडे पाहिलं. "मुदतबाई, तुम्ही? आणि मुदत मागायला?"

"मागतेय," बाई म्हणाल्या. "हसायचं असेल तर हसून घे."

तो हसला नाही. शिक्का मारायच्या आधी त्याने कागदाची सगळी पानं उलटून वाचली. तेही बाईंनी पाहिलं.

न्यायाधीश तरुण होत्या. नमुना सातचं दुसरं पान त्यांनी उजेडाकडे धरलं. "हा शिक्का तुम्ही मारलात?"

"होय."

"आणि खालचं वाचलं नाहीत?"

"नाही."

"हे एकदाच झालं, की..."

मालकाचा वकील मान लांब करून ऐकत होता. मागच्या बाकावर दादा वर्तमानपत्र घेऊन बसले होते, आणि काकू त्यांना हळूच पान उलटून देत होत्या.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत मी तो रकाना वाचलेला नाही."

असं म्हणतात, त्या क्षणी कोर्टातलं घड्याळसुद्धा थांबलं होतं. ते खोटं आहे. ते चालू होतं, आणि बाईंना त्याचा प्रत्येक ठोका ऐकू येत होता.

विलंब माफ झाला. अपील दाखल करून घेतलं आणि निकाल लागेपर्यंत खोलीला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "जिंकलो का आपण?"

"नाही," टाचणी म्हणाली. "पण आता भांडता येईल."

"मग झालं तर. भांडायला मी खंबीर आहे," असं म्हणून काकूंनी दादांचा हात धरला आणि त्यांना पायऱ्या उतरवल्या.

बाकीचं काही सुखाचं नाही. समितीने दादांचं केंद्र यजमानांच्या यादीतून काढलं. टाचणीला उरलेल्या दोन महिन्यांसाठी दुसऱ्या यजमानाकडे हलवलं, काकूंची फाईल घेऊन; पण रोज दुपारी ती चष्म्यांच्या दुकानावर जायची, चिठ्ठ्या बदलायला. डॉक्टरांनी जे सांगितलं, ते दादा तीनदा विसरले आणि तिन्ही वेळा बाईंना नव्याने सांगावं लागलं. बाईंच्या जागी पुढच्या वर्षी दुसरं कुणी येईल, असं अध्यक्षांनी कळवलं. लेखी.

तोवर बाईंनी कपाटातल्या एकोणीस वर्षांच्या फाईली खाली काढल्या होत्या. रोज साडेदहाला येऊन त्या एकेक नमुना खिडकीशी धरायच्या आणि शिक्क्याखालची अक्षरं वहीत उतरवायच्या. ‘पंखा चालत नाही.’ ‘मार्गदर्शक तीन आठवडे आलेले नाहीत.’ ‘इथे मला फक्त झेरॉक्स काढायला ठेवलंय.’ ‘साहेब दार लावून घेतात, मला आवडत नाही.’ या ओळीपाशी बाई पाऊण तास बसून राहिल्या. मग त्या फेलोचा पत्ता शोधून तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. यायला हवं होतं, असंही नाही.

अकराव्या वर्षाच्या फाईलमध्ये एक नमुना सापडला. तेरा रकाने नीट भरलेले. चौदाव्यात, कुणाच्या तरी तिरक्या, थोड्या खोडकर अक्षरांत, एवढंच: ‘बाई, तुम्ही हे वाचता का?’

आणि त्यावर शिक्का.